हळदीच्या डब्यामागची पुडी

पिंपळगाव राजा,
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी (लाईट गेलेली)

सौ. अश्विनीची माय हिस,

भागवतचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्वजण (म्हणजे मी, आणि तू माझ्यामागे लावून दिलेली ती कानतुटी मांजर) खुशाल आहोत. तिकडे दुबईत चि. अश्विनी, जावई श्री. दीपकराव व आपली चार महिन्यांची नात यांची प्रकृती ठणठणीत असेलच. आपल्या कंबरेबाबत मात्र सविस्तर खुलासा सादर करावा, ही विनंती.

(दाखल्याची भाषा इथं संपली. ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं कारकुनी केली, हात त्याच वळणानं जातो. पुढं आपल्या बोलीत लिहितो, नाहीतर तुले वाटायचं कोण्या साहेबाची नोटीस आली.)

पहिले हे सांगतो की पत्र काऊन लिहून राह्यलो. फोन आहे, त्यात तुहं तोंडही दिसते, हे मले मान्य आहे. पण तिकडं तो फोन हॉलमधी बिस्किटाच्या डब्याले टेकवून ठेवते पोरगी. मांगं जावई लॅपटॉप घेऊन बसलेले. तू म्हणते, जेवले का? मी म्हणतो, जेवलो. मंग तू म्हणते, काय केलं होतं? मी म्हणतो, भाजी. तेवढ्यात नात रडते अन् डब्यावरून फोन घसरते, की मले दहा मिनिटं तुमच्या घरचं छत दिसते. छत चांगलं आहे, पण मी काय छताशी बोलू? चौतीस वर्षं झाली लग्नाले, अन् तुहं नाव मी एकदाच घेतलं, तेही उखाण्यात, तुह्या मावशीनं दार अडवून धरलं म्हणून. मंग जावयापुढं मनातलं कसं बोलावं, तूच सांग. म्हणून हे पत्र. परवा शेजारच्या शकूरभाईचा पोरगा फहीम सुटी संपवून दुबईले परत चालला, त्याच्या हाती देतो. कागदाले परवाना लागत नाही, हे मी त्याले दोनदा विचारून घेतलं. दोनदा काऊन विचारलं, ते पुढं येईलच.

घरचं म्हणशील तं सगळं जागच्या जागी आहे. एवढं जागच्या जागी आहे की अंगावर येते. चहा अजून दोन कपांचा होते, हात ऐकत नाही. दुसरा कप मीच पेतो, मंग पित्त होते. मिक्सरचं झाकण कोण्या बाजूनं बसते ते मले पाच महिन्यांत समजलं नाही, म्हणून चटणी ठेचून खातो. अन् एक सांगतो, हसू नको. पहाटे उठताना तू कंबर धरून ‘अगाई व’ म्हणायची ना, तोच माहा गजर होता. त्या आवाजाले मी किती वर्षं कुरकुर केली असंन, झोपमोड होते म्हणून. आता मोबाईलमधी गजर लावला, त्यात कोंबडा आरवते. उठतो मी, पण उठल्यासारखं वाटत नाही. या घरात कोणी कण्हतच नाही, बापा.

आता मुद्द्यावर येतो. पंधरा दिवसांमांगं तुहा फोन आला, की नातीले उचलू उचलू कंबर पार गेली, एसीची हवा हाडात शिरते, अन् इथं चिठ्ठीबिगर साधी गोळी देत नाहीत. तं स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामांगं पुडी आहे, ती फहीमसंगं धाडा. तू जाताना तीच पुडी विसरली म्हणून बसस्टँडवर किती हळहळली होती, मले आठवते. मी डबा सरकवला. अवं, पुडी म्हणजे काय ते मले तवा समजलं! डॉक्टर शेखर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, तू दोन दिवसांच्या खाते अन् तीन दिवसांच्या ‘अडीनडीले’ म्हणून ठेवून देते. असं तीन वर्षं. त्या पुडीत एक्केचाळीस गोळ्या निघाल्या. कोणती कवाची, कोणती कायची, देवाले माहीत. त्यात हळदीच्या डब्याचं बूड गळकं, त्यामुळं सगळ्या गोळ्या नवरीसारख्या पिवळ्याधमक झालेल्या.

पुडीचा कागद फाटला होता. मी विचार केला, फहीमच्या बॅगेत वजनाची मारामार, वेगळा डबा कायले वाढवा? तसंही तुह्यासाठी मुगवड्या धाडायच्याच होत्या, तू मागच्या उन्हाळ्यात केलेल्या. दिल्या गोळ्या वड्यांत टाकून. पिवळ्यात पिवळं, असं जमलं की माहं मले कौतुक वाटलं. लपवायचं माह्या मनातही नव्हतं, तुही शपथ. पण पाय बरं, लपवणाऱ्यानं तरी यापेक्षा काय वेगळं केलं असतं?

फहीमच्या जायले दोन आठवडे होते, तरी शकूरभाईच्या घरी तवा काय बाजार भरला होता, सांगतो. तुले माहीत आहे, आपल्या इथून कोणी दुबईले निघालं की अर्ध्या गावाचं सामान त्याच्या बोकांडी बसते. शाहजादीभाभीनं पलंगावर चादर टाकून एक एक पिशवी उघडली होती. कोणाचं लोणचं, कोणाची कुरडई, कोणं तं चुलत्याच्या पोरासाठी चपला धाडलेल्या. वजन बसेना म्हणून भाभी प्रत्येकाच्या डब्यातून मूठ मूठ काढून घेत होत्या (ती मूठ त्यांच्याच रश्श्यात जाते, हे सगळ्यांले माहीत आहे, कोणी बोलत नाही). आपल्या वड्यांत हात घातला अन् त्यांच्या बोटाले एक वडी टणक लागली. जिभेले लावून पाह्यली, तं कडू जहर! “भाऊ, द्वारकाभाभीच्या वडीले कधी चव नव्हती असं झालं नाही,” म्हणल्या, “हे काय आहे?” मी सरळ सांगितलं, की कंबरेच्या गोळ्या आहेत.

फहीम कोपऱ्यात बूट बांधत होता. तो एका पायात बूट असा उभा राह्यला. “काका,” म्हणे, “तुमी मले सिद्धा आत धाडून राह्यले!” एवढ्या गरीब पोराले मी चिडलेलं कधी पाह्यलं नव्हतं. मंग त्यानं मले बसवून समजावलं. आपल्याकडं दुखण्यावर देतात त्यातल्या काही गोळ्या तिकडं नशेच्या मालात धरतात. न्यायच्या असतील तं डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, गोळ्या कंपनीच्या पाकिटात पाहिजे, अन् निघायच्या आधी त्यांच्या सरकारची परवानगी पाहिजे. अन् मुख्य म्हणजे ज्याचं दुखणं त्यानंच न्यायच्या, दुसऱ्याच्या हाती नाही. त्याच्या खोलीतल्या एका पोरानं गावच्या कोण्या मामाच्या गोळ्या बॅगेत आणल्या होत्या. गोळी कोणाची हे ते विचारत नाहीत, म्हणे, बॅग कोणाची ते पाहतात. पासपोर्ट जमा झाला, सहा महिने कोर्टाच्या पायऱ्या, नोकरी गेली ते वेगळंच. मी म्हटलं, बाबू, त्या पुडीवर तं नावच नाही. तो म्हणे, काका, बॅगेवर आहे ना, माहं.

माहं तं पाणी पाणी झालं. एकतीस वर्षं मी लोकांले म्हणत आलो, सही नाही तं दाखला नाही, शिक्का नाही तं कागद नाही. अन् शेजाऱ्याच्या पोराच्या गळ्यात बिनशिक्क्याचा फास मीच अडकवला! (माहा स्वतःचा पासपोर्ट जन्मतारखेच्या दाखल्यापायी अडकला आहे, हे पुन्हा उगाळू नको. गावाले दाखले वाटले, स्वतःचा घ्यायचा राह्यला. तो असता तं मीच आलो असतो अन् हे रामायण झालं नसतं.)

मंग आमी चौघं चादरीभोवती बसून वड्यांतून गोळ्या वेचाले लागलो. चाळीस सापडल्या. मी सांगितलं होतं एक्केचाळीस. फहीम म्हणे, ती एक सापडल्याबिगर मी विमानात पाय ठेवत नाही. सारी बॅग उपसली. लोणच्यात चमचा फिरवला, चपला झटकल्या, शकूरभाई चष्मा लावून कुरडईची एक एक तार पाहून राह्यले. दोन तास! शेवटी मले आठवलं. आदल्या दिवशी, तुले धाडायच्या आधी चालतात का पाहावं म्हणून, एक मीच खाल्ली होती. गुडघ्याले काही समजलं नाही, पण दुपारी बारा वाजता जे डोळे मिटले ते मांजरीनं दूध सांडलं तवा उघडले. हे मी जवा सांगितलं, तवा शाहजादीभाभीनं मले जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण चहा दिला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर शेखरकडं गेलो. गोष्ट माह्या आधी तिथं पोचली होती; कंपाउंडर हरिओमनं माह्या हातातला गोळ्यांचा डबा पाह्यला अन् तो आत पळाला. डॉक्टरनं चाळीस गोळ्या टेबलावर ओतल्या, हळदीनं त्यांची वही पिवळी झाली. म्हणे, भागवतराव, यातल्या निम्म्या बाद झाल्या, अन् या सात आहेत ना, त्या मी वहिनी घसरून पडल्या तवा मोजून दिल्या होत्या, खायले, मुरवाले नव्हे. मी खाल्लेली त्यातलीच आठवी होती. खूप रागावले. सगळ्या ठेवून घेतल्या. आता इथून पुढं नाव लिहून, पाकिटासकटच देईन, म्हणे, अन् तेही पेशंटले तपासून.

तं आता सगळा हिशेब तुह्या ध्यानात आला असंन. फहीम नेऊ शकत नाही. मी नेऊ शकत नाही. पेशंटले तपासल्याबिगर डॉक्टर देत नाही. अन् ज्याची कंबर त्यानंच न्याव्या, असा नियम आहे. म्हणजे तू इकडं आल्याबिगर इलाज नाही. मी नियमाबाहेर गेलेला माणूस नाही, हे तुले माहीत आहे (वड्यांचं सोडून). विचार करून कळवावं. अश्विनीले, जावयाले आशीर्वाद, नातीचे पापे.

तुहा,
भागवत

ता. क. : मिक्सरचं झाकण कसं बसते ते फोनवर सांगू नको, माह्या ध्यानात राहत नाही. समोर दाखवावं लागंन.

ता. क. दुसरा : वर डॉक्टरचं जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरं नाही. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. त्याच दिवशी डॉक्टरनं तुह्या कंबरेचा सारा इतिहास इंग्रजीत लिहून, सही-शिक्का मारून मले दिला. म्हणे, हा कागद तिकडच्या डॉक्टरले दाखवा, तो तपासून तिथंच काय ते लिहून देईन, गोळ्या न्यायचं कामच नाही. मोबाईलवर फोटो धाडला असता तं तुले तासाभरात भेटला असता. मी बारा दिवस तो हळदीच्या डब्यामांगं ठेवला अन् फोनवर तुले सांगत राह्यलो, की डॉक्टर परगावी गेले. मले वाटलं, दुखंन तं येईल. पण आज संध्याकाळी फोन घसराच्या आधी मी पाह्यलं, तू नातीले उचलाले वाकली, अर्ध्यातच थांबली, अन् अश्विनीले हाक मारली. मी लय भैताड माणूस आहो. फोटो आताच मोबाईलवर धाडला, मूळ कागद संगं जोडला आहे. थोडी हळद लागली आहे, पण वाचता येते. अजून गेली नसशील तं उद्याच डॉक्टरकडं जाय.

ता. क. तिसरा : आता तुले इकडं यायले काही कारण राह्यलं नाही. तरी ये, द्वारका.