एकशे अकरावी पायरी

मर्वदश्त, मेहर महिन्याची सतरा तारीख

आदरणीय मेहुणे आगा कियूमर्स यांस,

आपली सावली आमच्यावर लांबच लांब राहो. गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याचं मागच्या पत्रात विचारलं होतं.) आधी आनंदाची बातमी: आपण सुचवलेलं यज्दचं स्थळ पक्कं झालं, आमच्या लेकीचा, गोलनारचा साखरपुडा ठरला, आणि मी चार दिवसांनी धड जेवलो.

स्थळ माझ्यामुळे मोडता मोडता राहिलं, असं तुमची बहीण फरंगीस म्हणते. व्याह्यांना, आगा सद्रुद्दीन यांना, तख्ते-जमशीदचे, म्हणजे जुन्या बादशहांच्या राजवाड्याचे अवशेष दाखवायचं मीच ठरवलं. (मी फरशा बसवणारा, शाळा सहावीपर्यंत, पण तिथला प्रत्येक दगड माझ्या टेपाखालून गेलाय.) जिन्यापाशी मी म्हणालो, "आपण पुढे व्हा." आगा सद्रुद्दीन म्हणाले, "आपल्याआधी? माझी काय प्राज्ञा!" झालं. पाऊण तास उन्हात कोणी पाय उचलेना. शेवटी फरंगीस करवादली, "वर भिंतीत कोरलेले सरदारसुद्धा हातात हात घालून निघालेत. तुम्ही दोघं त्यांच्याहून दगड!" तेव्हा मला सुचलं, जिना दुहेरी आहे! ते एका बाजूने चढले, मी दुसरीने, आणि एकदमच वर पोचलो. (बादशहांनी दोन बाजू ह्याचसाठी बांधल्या, पुस्तकवाले काहीही लिहोत.)

वर धापा टाकत ते म्हणाले, "एकशे दहा पायऱ्या!"

एकशे अकरा आहेत. खाली त्रेसष्ट, वर अठ्ठेचाळीस. मी "एकशे अ..." एवढं बोललोही, तेवढ्यात गोलनारचा पांढराफटक चेहरा दिसला (पोर मला ओळखून आहे) आणि मी शब्द गिळला. "आपण म्हणता तर दहाच!" ते ओशाळले. "छे छे, तुम्ही अकरा म्हणत होतात, तेच खरं!" "दहा!" "अकरा, मुलाच्या जिवाची शपथ!" चुकीच्या बाजूने मी जिवाच्या आकांताने भांडलो, आणि आगा, जिंकलो. तोवर बायकांनी खांबाच्या सावलीत तारीखही ठरवून टाकली होती. सुटलो! त्या एका पायरीचं मी मुळीच मनाला लावून घेतलेलं नाही.

आपल्या पायाची धूळ,
फरामर्ज

ता. क. साखरपुडा येत्या शुक्रवारी. आगा सद्रुद्दीन यांच्या डाव्या हाताची खुर्ची तुमच्यासाठी राखली आहे.

पुन्हा ता. क. त्यांनी वहीत '११० पायऱ्या' लिहून खाली माझी सही घेतली. (नातवंडांना दाखवणार म्हणे!) वही कोटाच्या डाव्या खिशात असते. पान फाडायचं नाही. निळ्या शाईचं पेन तेवढं घेऊन या. आपलं फारसी शून्य म्हणजे नुसता ठिपका, जरासा खाली ओढलात की एक होतो.