उंबऱ्यावरून टीव्ही पाहण्याची वहिवाट

मी, दानम्मा भ्रतार महारुद्र लामतुरे, वय अडुसष्ट, धंदा कापडविक्री व घरकाम, राहणार मंडी बाजार, अंबाजोगाई, जिल्हा बीड, आज सोमवारी अंघोळ व लिंगपूजा आटोपून, चहा पिऊन, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर निव्वळ आनंदाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आमचे वकील उत्तरेश्वर यांनी मसुद्यात "आयुष्याचा भरवसा नसल्यामुळे" असं लिहून आणलं होतं. ते मी खोडलं आहे. माझ्या आयुष्याचा मला चांगला भरवसा आहे. हे मृत्युपत्र मी मरणाच्या विचाराने करत नसून टीव्हीमुळे करत आहे.

त्याचा खुलासा असा. शनिवारी आमच्या घरी नवा टीव्ही आला. लांबीला दोन्ही हात पसरले तरी पुरत नाहीत आणि पाठ म्हणाल तर नाहीच. दुकानदार मला म्हणाला, "मावशी, काळजी करू नका, हा सेट नातवंडांच्या लग्नापर्यंत जाईल." मी हसले, पण घरी येईतो तेच डोक्यात. म्हणजे हा टीव्ही माझ्यामागे राहणार. पाटा-वरवंटा आणि डबेही राहणार आहेत, पण त्यांच्यावरून कोणी भांडणार नाही. टीव्हीवरून भांडतील. म्हणून वकिलांना बोलावलं.

कलम १. घर व दुकान. पुढचं कापड दुकान धाकटा मुलगा संगमेश चालवतो, ते त्याचं. माडीवरच्या दोन खोल्या थोरला मुलगा बसवेश याच्या. तो पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीला येतो, त्याला उतरायला हक्काची जागा पाहिजे. दुकानामागची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर दोघांच्या सामाईकीत राहील. मात्र या दोन खोल्यांच्या मधला उंबरा काढता येणार नाही. बसवेशच्या मनात मधली भिंत पाडून एकच मोठा हॉल करायचा आहे, हे मला माहीत आहे. भिंत पाडली तर उंबरा कशाच्या मध्ये राहील? तेव्हा भिंतही नाही.

कलम २. माझे दागिने. बोरमाळ संगमेशची बायको प्रणिता हिला मी जिवंतपणीच दिली आहे, ती पुन्हा मोजणीत धरू नये. बाकीचे मोडून दोन्ही घरांत सारखे वाटावेत. दागिन्यांवर लिहायला मला फारसं सुचत नाही, म्हणून पुढे जाते.

कलम ३. जुना लाकडी टीव्ही, म्हणजे त्याची पेटी. आमच्या गावाला टीव्हीचा टॉवर झाला आणि मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, बाजारपेठेतला पहिला टीव्ही आणला तो हाच. काळा-पांढरा, चार पायांचा, पुढे सरकती लाकडी दारं आणि दारांना कुलूप. किल्ली मालकांच्या कोपरीच्या खिशात. संध्याकाळी दुकान वाढवलं की मालक दार सरकवायचे आणि अर्धा बाजार गादीवर येऊन बसायचा. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, डाव्या अंगाला. सासरे आणि व्यापारी पुढे बसलेले असताना त्यांच्या समोर जाऊन बसायची आमच्यात रीत नव्हती. तक्रार म्हणून लिहीत नाही. होतं ते लिहिते. तक्रार आहे ती धाकट्या दिरांबद्दल. बातम्या संपून सिनेमा लागला आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं की हे गृहस्थ उठून दारं लावायचे आणि म्हणायचे, "झालं, बास." त्यातल्या कितीतरी सिनेमांचा शेवट मला आजवर माहीत नाही. ती पेटी आता रिकामी आहे. ती मी दिरांना देते. दारं हवी तेवढी लावावीत.

कलम ४. नवा टीव्ही. हे कलम मोठं आहे. वकील म्हणाले, वस्तूचं वर्णन एका ओळीत करायचं असतं. ते मला जमणार नाही.

टीव्ही माझ्या स्वकष्टार्जित पैशाचा आहे. मालक पुढे गिऱ्हाईक करायचे तेव्हा मी मागच्या दाराने बायकांना खण आणि लुगडी विकली. पुरुषासमोर अंगाला लावून बघता येत नाही म्हणून त्या माझ्याकडे यायच्या. त्या पैशांचा हिशेब मी कधी कोणाला दिला नाही आणि कोणी मला विचारला नाही.

दसऱ्यापासून घरात एकच विषय होता. पेटीनंतर रंगीत टीव्ही आला होता, पुढे पोट आलेला. मग सपाट काचेचा, पुढून सपाट आणि मागून म्हशीएवढा. तो यंदा मिटला. आता भिंतीला टांगायचे आलेत आणि त्यांतही दोन जाती, एलसीडी आणि प्लाझ्मा. बसवेशचा रोज पुण्याहून फोन. "आई, एलसीडीच घे. प्लाझ्मा लाईट खातो. तापतो. आयुष्य कमी." एका आठवड्याने, "आई, थांबच. दोन वर्षांत याच्याहून पातळ येणार आहेत." मी म्हटलं, "बाळा, टीव्ही थांबंल, मी कुठवर थांबू?" मला मात्र हे थांबणं-घेणं फार आवडत होतं. दुपारी प्रणिता पेपरातल्या जाहिराती कापून ठेवायची आणि आम्ही दोघी त्या फरशीवर मांडून बघायचो. लग्नात लुगडी निवडताना मला कोणी विचारलं नव्हतं. आता अख्खा टीव्ही मी निवडणार होते.

संगमेशने जीप केली आणि आम्ही लातूरला गेलो. मी, प्रणिता, आणि बायनाबाई. बायनाबाई कोण ते सांगते. ती चकलांब्याची लेक, नवऱ्यामागे इथे आली, आमच्या मागच्या गल्लीत राहते. पेटी आली त्या संध्याकाळी ती ताक मागायला आली होती आणि उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसली. तेव्हापासून ती तिथेच बसते. आमच्या दोघींचे खांदे आता एकमेकींना बरोबर बसतात. सासरे गेले, मालक गेले, गादी जाऊन सोफा आला. मी शंभरदा म्हटलं, "बायना, आता पुढं कुणी न्हाई, वर बस." ती म्हणते, "नगं अक्का. मला तिरकंच गोड लागतं." तिला सोफ्यावर बसवणं माझ्या हातून झालं नाही, आणि बहुधा कोणाच्याच हातून होणार नाही.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले. सगळ्यांत एकच समुद्र, एकच लाल मासा. मला तर चक्करच आली, आनंदाची. दुकानदाराने एलसीडीसमोर खुर्च्या मांडल्या. चित्र असं लख्ख, की माशाचं खवलं न खवलं मोजावं. संगमेश म्हणाला, "हाच घिऊ." मीही हो म्हणणार होते. वळून बघते तर बायना खुर्चीवर नाही. ती डाव्या अंगाला, खांबापाशी, फरशीवर मांडी घालून बसलेली. दुकानदार धावला, "मावशी, वर बसा, खाली कावून बसलात?" बायना म्हणाली, "मी अशीच बघती. पण अक्का, मासा कुठं गेला वं?"

मी उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. खरंच मासा नव्हता. काळं पाणी आणि त्यात राखेचा रंग. तेच चित्र, तीच काच, पण खालून आणि बाजूने बघितलं की विझलेलं. आम्ही दोघी तशाच सरकत सरकत पलीकडच्या प्लाझ्मापाशी गेलो. दुकानातली माणसं बघत होती, बघू देत. तिथे डावीकडून बसलो, मासा होता. भिंतीला पाठ लावून बसलो, तरी होता, तेवढाच लाल. बायनाने माझ्या मांडीवर थाप मारली, "ह्यो आपला हाय!"

संगमेशने पुण्याला फोन लावून माझ्या कानाला दिला. बसवेश म्हणाला, "आई, असं बाजूनं फरशीवर बसून कोण टीव्ही बघतं?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "अगं पण त्याचं आयुष्य कमी असतं." मी म्हटलं, "माझंबी कमीच राहिलंय. जोडी चांगली जमंल." तो हसला आणि म्हणाला, "घे मग तुझा." म्हणून घेतला. येताना खोकं जीपमध्ये मावेना, तेव्हा ते आडवं टाकलं आणि आम्ही तिघी त्याला धरून बसलो, दुकानदार "उभंच न्या" म्हणून ओरडला तोवर. मग ते उभं केलं आणि आम्ही वाकड्या झालो.

सबब, सदर टीव्ही माझ्या पश्चात संगमेश व बसवेश यांचा सामाईक राहील. तो पुण्याला नेता येणार नाही, माडीवर नेता येणार नाही, कोणाच्या झोपायच्या खोलीत नेता येणार नाही. तो बैठकीच्या भिंतीवर, आज आहे तिथेच राहील. लाईट जाते त्या वेळेसाठी इन्व्हर्टर आहे, त्याच्या बॅटरीत पाणी घालण्याचं काम संगमेशचं. तो विसरतो, म्हणून इथे लिहिलं.

कलम ५. वहिवाट. माझ्या पश्चात बायनाबाईला ती हयात असेतो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सदर टीव्ही पाहण्याचा हक्क राहील. मागच्या दाराने येणं-जाणं, चहा, आणि कार्यक्रम कोणता लावायचा त्यात एक मत, हे सगळं त्या हक्कात धरलं आहे. वकील पेन खाली ठेवून म्हणाले, "मावशी, वहिवाट विहिरीवर असते, शेताच्या वाटेवर असते. टीव्हीवर वहिवाट मी आजवर ऐकली नाही." मी विचारलं, "विहिरीवर कशी लागते?" ते म्हणाले, "वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता, कोणी न अडवता वापर असला की." मी म्हटलं, "दिरांनी दार लावलं तेवढाच खंड. बाकी सगळं बसतंय." मग त्यांनी पेन उचललं.

इथवर मी फार खुशीत होते. हे कलम बायनाला वाचून दाखवलं. ती उंबऱ्यावरच बसली होती, टीव्ही चालू होता. मला वाटलं होतं, ती लाजेल, नको नको म्हणेल, मग हसेल. ती म्हणाली, "अक्का, तुमी गेल्यावर मी हितं यिऊन काय करू? टीव्हीसाठी का येती मी?"

एवढा टीव्ही निवडला, एवढं कलम बांधलं, आणि जी गोष्ट तिला द्यायची ती कागदावर चढतच नव्हती. उंबऱ्यावर शेजारी कोणी नसेल तर तिचा हक्क घेऊन ती काय करणार? ती घरीच बसेल, मागचं दार लागेल, आणि पोरांना ते कळणारही नाही. मला फार वाईट वाटलं. ते इथे लिहून ठेवते.

वकील म्हणाले, "पुढचं कलम?" मी म्हटलं, "थांबा."

प्रणिता सोफ्यावर बसून शेंगा निवडत होती. ती या काळातली मुलगी, सासऱ्यासमोरही खुर्चीवर बसलेली, आणि मला त्याचा आनंदच होता. ती सूप घेऊन उठली, उंबऱ्यापाशी आली आणि बायनाला म्हणाली, "मावशी, जरा तिकडं सरका." बायना सरकली. प्रणिता आमच्या दोघींच्या मध्ये बसली. मान वाकडी करून टीव्हीकडे बघत म्हणाली, "अवो, हितून तर खरंच लई छान दिसतंय." बायना म्हणाली, "मंग! मी काय खोटं बोलती व्हय?" आणि शेंगा सोलायला लागली.

तेव्हा कलम ६ असं. वर लिहिलेली वहिवाट एकटीची नाही, दोघींची समजावी. दुसरी जागा माझी आहे, ती मी प्रणिताला देते. हे मी तिच्यावर लादत नाही. ती आधीच बसली आहे, मी फक्त नोंद करते. माझ्या सगळ्या मिळकतीत मला हीच मोलाची वाटते, म्हणून ती वाटून न देता एकीलाच दिली.

कलम ७. माझे अंत्यविधी. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला मांडी घालून बसवतील आणि लोक दर्शनाला येतील. बैठकीत मधोमध, समोर बसवू नये. उंबऱ्यापाशी, डाव्या अंगाला, भिंतीला टेकवून बसवावं. बायना असेल तर तिला शेजारी बसू द्यावं, रडताना कोणी उठवू नये. समाधीच्या वेळचं सगळं जंगम स्वामी सांगतील. लाईट असली तर टीव्ही चालू ठेवावा. आवाज बंद. सिनेमा लागलेला असेल तर तो संपल्याशिवाय मला उचलू नये.

साक्षीबाबत. साक्षीदार म्हणून मला बायनाच हवी होती. ती सही शिकली आहे. वकील म्हणाले, "जिला काही दिलंय तिची साक्ष चालत नाही." बायना म्हणाली, "मंग हक्क काढा अन् सही घ्या. सहीच लई दिवसांनी करायला मिळती." मी तिला गप्प केलं. शेवटी शेजारचे किराणा दुकानदार बंकट आणि आज टीव्हीची वायर पक्की करायला आलेले रामहरी, या दोघांना धरलं. दोघंही सोफ्यावर बसून पुढून टीव्ही बघत आहेत आणि सही कुठे करायची ते दोनदा सांगावं लागलं.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी पुन्हा माझं मी वाचलं, बरोबर आहे. माझी सही दोघांनी पाहिली आणि त्यांच्या सह्या मी पाहिल्या.

सही: दानम्मा महारुद्र लामतुरे

साक्षीदार:
१. बंकट, किराणा दुकानदार, मंडी बाजार
२. रामहरी, टीव्ही बसवणारे, लातूर

हजर, पण साक्षीदार नव्हेत, उंबऱ्यावरच्या:
बायनाबाई (सही तिने हट्टाने केली आहे, ती कायद्यात धरू नये, पण पुसूही नये)
प्रणिता संगमेश लामतुरे

ठिकाण: स्वयंपाकघराचा उंबरा, डावी बाजू, अंबाजोगाई
दिनांक: ५ नोव्हेंबर २००७