शेडमधला कलहंस

शुक्र., १२ डिसें.
आर्नहेमहून बस उशिरा. घरी पोचलो तर मागच्या दाराशी शेजारचा हेर्मन. एका हातात टोपी, दुसऱ्यात मानेला धरलेला कलहंस. नदीकाठच्या शेतकऱ्यांचा गहू हे पक्षी फस्त करतात, म्हणून दर हिवाळ्यात त्याला बंदूक घेऊन बोलावणं येतं, आणि गेला हिवाळा सोडला तर पहिला पक्षी आमच्याकडे. म्हणजे उल्काकडे, माझ्या बायकोकडे. ती शेडमध्ये बसून साफ करते, मालवणी रस्सा करते, हेर्मन रविवारी जेवायला येतो. मी त्या दिवशी वरच्या खोलीत वरणभात.

त्याची बायको गेली तेव्हापासून तो फक्त मारतो आणि वाटतो. बोटं संधिवातानं वाकलीत. बंदूक चालते, चाकू नाही.

"काय बुरमान, उल्का आली का?" बुरमान म्हणजे शेजारी.
"शुक्रवारी येतेय."
"मग पुढच्या रविवारी जेवायला येतो."

तिकिटाबद्दल उ. 'बघते' म्हणाली होती. 'बघते'चं डचमध्ये 'शुक्रवारी' असं भाषांतर माझ्या तोंडून कसं झालं कळत नाही.

पक्षी अजून कोमट होता. हे अपेक्षित नव्हतं.

शनि., १३
उ.ला फोन. पुण्यात दुपार. मागे कुकरची शिट्टी.

"हेर्मननं दिला? मोठा आहे?"
"मला तुलना करायला दुसरा नाही."
"शास्त्रीबुवा, चोच वाकवून बघ. सहज वाकली तर कोवळा."

वाकवली. नाही वाकली. वडील माणूस निघाला.

"मानेनं टांग. शेडची खिडकी उघडी ठेव. थंडी आहे ना? मग आठवडाभर काही होत नाही."
"तोवर तू येशीलच."
"बघते."

खिळा मारला, टांगला. पक्ष्याचे डोळे अर्धे मिटलेले, कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यासारखे.

रवि., १४
धुकं. दिवसभर कोणाशी बोललो नाही. सुपरमार्केटच्या यंत्राशी सोडून. ते 'पावती हवी का' विचारतं.

सोम., १५
इराचा फोन, ब्रेडाहून. कंपनीत डिसेंबरची गडबड आहे, नाताळला एकच दिवस येईन म्हणते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, अधूनमधून डच. शेडमध्ये काय आहे ते सांगितलं.

"बाबा, यू टच्ड इट? एख्त?" एख्त म्हणजे खरंच.
"टांगला."
"बट आई इज नॉट देअर."
"शुक्रवारी येतेय."

म्हणाली, "ओके." या मुलीचं 'ओके' तिच्या आईच्या 'बघते'ची सख्खी बहीण आहे.

संध्याकाळी कारण नसताना शेडमध्ये गेलो. आत दिवा लावला की पक्षी, सायकल आणि मी. सवय होतेय. जोवर तो टांगलेला आहे तोवर बाईसाहेब येणारच आहेत, असं काहीसं गणित डोक्यात बसलंय. कोणाला सांगण्यासारखं नाही.

कलहंस म्हणजे मंजुळ आवाजाचा हंस. ज्यानं नाव ठेवलं त्यानं यांचा थवा डोक्यावरून ओरडत जाताना ऐकला नसावा.

मंगळ., १६
कुंपणावरून हेर्मन: "बुरमान, हवा पालटतेय. परवा अकरा अंश. पक्षी शुक्रवारपर्यंत थांबणार नाही."
"बघतो."
म्हणजे हे मलाही येतं.

तो काही वेळ तिथेच उभा राहिला. आमच्या वरच्या खिडकीकडे बघत होता. तिथे गेल्या वर्षभरात एकच दिवा लागतो, हे त्याच्या स्वयंपाकघरातून दिसत असणार.

बुध., १७
सकाळी मीटिंगच्या आधी उ.चा मेसेज. 'नाही जमत रे. क्लिनिकमध्ये दोघी रजेवर. जानेवारीनंतर बघू.'

सासूबाईंचं माकडहाड मोडलं म्हणून ती गेली. बऱ्या होईपर्यंत थांबते म्हणाली, त्या बऱ्या झाल्या नाहीत. मग वर्षश्राद्ध झालं की येते. तेही नोव्हेंबरात झालं. मैत्रिणीच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये 'वेळ जावा म्हणून' जायची, आता तिथली वेळ संपत नाही. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. एकही खोटं नाही, हीच पंचाईत. भांडायला जागा कुठे?

'ठीक' असं उत्तर लिहिलं. मग लिहिलं, 'हंसाचं काय करू?'

लगेच फोन वाजला. लगेच. मीटिंगमध्ये होतो, घेता आला नाही.

गुरु., १८
घरून काम असं कळवलं. खोटं नव्हतं, काम होतंच.

फोन शेडमधल्या फळीवर रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर उ., केस धुतलेले, गळ्यात टॉवेल. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, तिचा उपास.

"आज चालेल तुला?"
"मी कुठे हात लावतेय? तू काप, मी बघते. पाप तुझ्याकडे, देखरेख माझ्याकडे."

पिसं. वाढलेल्या दिशेनंच ओढायची, थोडी थोडी, नाहीतर कातडं फाटतं. छातीवर दोन ठिकाणी फाटलंच. वरची पिसं निमूट येतात, खालचा मऊ कापूस मात्र जिकडेतिकडे. नाकात, चहात, चष्म्यावर. शेडमध्ये बर्फ पडला म्हणावा इतका. उ. हसत होती. आवाज न करता, खांदे हलतात तशी. किती दिवसांत पाहिली नव्हती.

"हसू नकोस, कापूस उडतो."
"मी पुण्यात आहे रे!"

शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, ती आधी कापून टाकायची, नाहीतर रश्शाला वास मारतो. मग खाली आडवा छेद, आणि हात आत.

इथे थांबलो. आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे. वडिलांनी संध्या शिकवली, अमरकोश पाठ करून घेतला. यकृत, प्लीहा, हृदय, अंत्र, सगळे शब्द लिंगवचनासकट मुखोद्गत. वस्तू आज भेटल्या. यकृत लहान मुलाच्या तळहातासारखं, गार, गुळगुळीत.

"डोळे मिटू नकोस. यकृताला चिकटून हिरवी पिशवी दिसते? पित्ताची. ती फुटली तर सगळं कडू होईल. हळू. बोटानं नको, चाकूनं. हळू, हळू... शाब्बास."

'शाब्बास' तिनं मला शेवटचं कधी म्हटलं होतं आठवत नाही. बहुधा डच परीक्षा पास झालो तेव्हा, तेही दुसऱ्या खेपेला.

जाड स्नायूची पिशवी चिरली, दळणाचं पोट. आत हिरवा लगदा आणि वाळू. दूध-पाणी वेगळं करणारा म्हणून ज्याची कीर्ती, त्याच्या पोटात निव्वळ गव्हाची पात. उ.ला हे सांगितलं. "म्हणूनच मारला," ती म्हणाली.

छर्रे तीन सापडले, पोलादी. जखमेत पीस शिरलेलं असतं, तेही काढायचं. धुतला, पुसला, फ्रिजमध्ये. उभं राहताना गुडघे वाजले.

"दमलास?"
"नाही." (दमलो होतो.)
"मी आता पोथी वाचते."
"ये."

'ये' म्हणजे 'ठेव' या अर्थी. पण म्हणून गेलो.

शनि., २०
तुकडे केले. हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवलं. तिच्या आईच्या हातचा मसाला बरणीत तळाशी उरलाय, तोच वापर म्हणाली. "आता तो परत होणार नाही, जपून." मग स्वतःच, "नाही, जपून नको. घाल सगळा."

हेर्मनला अजून सांगितलेलं नाही. शुक्रवार येऊन गेला. त्यानं विचारलं नाही, मी दिसेन अशा जागी गेलो नाही.

रवि., २१
पहाटेपासून ढग. दहाला भांडं चढवलं. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजलं, मिक्सरमधून काढलं. घराला पुन्हा घराचा वास. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, उ. त्यात.

बाराच्या सुमाराला ती म्हणाली, "मीठ बघ."
"मी?"
"अरे हो." इतका विचार केला, हा केला नव्हता.
"वास घेऊन कळेल?"
"मीठ वासानं कळत असतं तर बायको कशाला लागली असती? हेर्मनला बोलाव."
"तो दोनला येणारे."
"दोनला अळणी वाढणार आहेस का?"

मागचं दार उघडून हाक मारली. हेर्मन लाकडी बुटातच आला. दारात बूट काढले, भांड्याकडे बघितलं, माझ्या एप्रनकडे, जिन्याकडे. मग कट्ट्यावरच्या फोनकडे.

"दाख, उल्का," त्यानं डच नमस्कार केला.
"दाख, हेर्मन. मीठ बघ ना जरा."

तिचं डच अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्यानं चमच्यावर फुंकर मारली, चव घेतली. "मीठ हवं. आणि अजून तासभर, म्हातारा आहे." आणि त्याच दमात, चमचा ठेवता ठेवता, "तू परत येणार आहेस का?"

हे लोक असं विचारतात. हवा कशी आहे, पक्षी किती शिजलाय, बायको परत येणार का. मी मिठाचा डबा शोधत राहिलो. डबा समोर होता.

उ. पडद्याच्या जवळ सरकली.

"मला माहीत नाही, हेर्मन."

"याया," तो म्हणाला. म्हणजे हो, बरं, कळलं, असंच असतं, यातलं काय लागू पडतं ते. मग माझ्या हातातून डबा घेऊन त्यानंच मीठ घातलं.

वर्षभर आम्ही दोघं 'बघू'च्या पलीकडे गेलो नव्हतो. माहीत नाही हे उत्तर वाईट आहे का? दिवसभर ठरत नाहीये. 'बघू'पेक्षा निदान वेगळं आहे.

फोन ठेवण्याआधी उ. मराठीत: "ऐक. सगळा वाढू नकोस. अर्धा ठेव, फ्रीजरमध्ये."
"कोणासाठी?"
"ठेव म्हटलं ना."

दोनला हेर्मन कोट घालून पुन्हा आला, जणू आधी आलाच नव्हता. बाटलीही आणली. बटाट्याबरोबर खाल्लं, तिखटानं नाक पुसत दोनदा घेतलं. एक छर्रा मला सापडला नव्हता, तो ताटाच्या काठावर टिंग वाजला. "मेसेज आला," म्हणाला. मी समोरच बसलो, वरणभात घेऊन, या वेळी वर गेलो नाही. बायको गेल्यावर पहिल्या वर्षी त्यानं पक्षी मारलेच नाहीत, एवढं त्यानं सांगितलं. "कोणाकडे न्यायचे?"

जाताना दारात म्हणाला, "चांगलं झालं होतं, बुरमान. तिच्याइतकं नाही."
"कळवतो तिला."

सोम., २२
ऑफिस. निम्मी माणसं रजेवर. खिडकीतून नदी, करडी.

दुपारी डब्यातला भात खात होतो, उ.चा फोन. बुधवारचा हंसाचा सोडला तर फोन नेहमी मी करतो. म्हणून आधी वाटलं काहीतरी झालं.

"काय झालं?"
"काही नाही. हेर्मन काय म्हणाला?"
सांगितलं. "तिच्याइतकं नाही" हेही सांगितलं. खूश झाली.
"ठेवलेल्यात कुठले तुकडे आहेत?"
"छातीचा एक भाग, एक तंगडी."
"रस्सा वेगळा ठेवलास ना? बरं. मार्चच्या आत संपवायला हवा हं. चरबी असते, खवट होते."

कोणी संपवायचा ते बोलली नाही. मी तर खात नाही, इरा असल्या पक्ष्याला शिवत नाही. काल हेर्मननं विचारलं तसं थेट विचारावं म्हणून तोंड उघडलं.

"आत्ता नको विचारूस," ती म्हणाली.
"बरं."

तिच्याकडे संध्याकाळ होती, कोणीतरी दारात चपला झटकत होतं, पलीकडे एका पेशंटला ती 'आले हं' म्हणाली. गेली मात्र नाही. भात गार झाला. फोन कोणी ठेवेना.