शाफ्टवरची पांढरी रेघ

प्रिय पोरी,

फोनवर गाडीचं नाव काढलं की तू ‘आई, नंतर बोलू’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. आता कर कट. फाडलंस तरी फाडायच्या आधी चार ओळी वाचशीलच. अक्षर लागत नसेल तर डोळे बारीक कर. चौथीपर्यंतची शाळा आणि नखांत ग्रीस, याहून सुबक निघणार नाही.

आधी घरचं. बाबांचा खोकला गेला. बेकरीत नवी भट्टी आलीय, तिच्यापुढे उभे राहून ते स्वतःच पावासारखे भाजून निघालेत, पण बोलतात असं की भट्टी जणू त्यांनीच शोधून काढली. गॅरेजच्या शटरला शेवटी मीच वेल्डिंग मारलं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि स्वतःचं शटर लाथ मारून उघडायचं, बरं दिसत नव्हतं. मावशी येऊन गेली. अर्धा चहा झाल्यावर हळूच म्हणाली, ‘ताई, लेकीचा निरोप आहे. जीप विकून टाक म्हणते.’ मी म्हटलं, माझी लेक मला सांगायला तुला पाठवते, म्हणजे तिचं तिलाच पटलेलं नाही. मावशीनं उरलेला चहा तसाच ठेवला.

तरी तुझा शब्द मोडला नाही हां. गिऱ्हाईक पाहिलं. एक चष्मेवाला आहे, जंगलातल्या रस्त्यांची मोजणी करतो. त्याला जीप आवडली, टायर तर फारच. फक्त वाकून खाली बघून म्हणाला, ‘काकू, एवढे मोठे टायर आणि मागचा अ‍ॅक्सल कंपनीचाच? टिकेल का हो?’ हेच मी तुला विचारलं होतं ना, तू ते टायर गडगडवत गॅरेजात आणलेस त्या दिवशी? माझ्या पार कमरेपर्यंत आले होते. मी म्हटलं, कंपनीनं अ‍ॅक्सल कंपनीच्या टायरसाठी केलाय, तुझ्या हौसेसाठी नाही. पान्याचा दांडा लांब असला की नट पटकन सुटतो आणि बोल्टही पटकन तुटतो, तसंच हे. चाक जेवढं मोठं, तेवढा अ‍ॅक्सलमधल्या शाफ्टला, चाक फिरवणाऱ्या त्या दांड्याला, पीळ जास्त. दगडात चाक अडकलं आणि तू अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिलास की संपलं. तू म्हणालीस, ‘आई, पाय हलका ठेवीन.’ मी म्हटलं, पाय हलका ठेवणाऱ्या बाया स्पर्धेत जात नाहीत, भाजी आणायला जातात. तू हसलीस आणि जॅक लावायला घेतलास. तुझ्यापुढे कुणाचं चाललंय!

म्हणून मी निदान माझी पद्धत सोडली नाही. शाफ्ट आत घालण्याआधी त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली. तू म्हणालीस, आत कोण बघायला जातंय. कुणी नाही. पण लोखंड खोटं बोलायला लागलं तर रेघ खरं सांगते. शाफ्ट पिळला की रेघ वाकडी होते, एवढंच त्यातलं शास्त्र.

आता खाणीतल्या स्पर्धेच्या त्या दिवसाचं. तुला नको असेल तरी वाच. सकाळपासून तू पुढे होतीस. चिखलात पुढे, वाळूत पुढे, त्या मिशीवाल्याच्या नव्याकोऱ्या गाडीच्याही पुढे. मी दोरीला धरून उभी होते आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते की ती माझी आहे, गाडी पण आणि पोरगी पण. शेवटची चढण राहिली. निम्म्यावर ती दगडाची पायरी, पुढचं चाक चढलं, मागचं टेकलं, घसरलं, पुन्हा पकडलं, आणि तू थांबलीस. लोकांना वाटलं दम घेतेस. तू रिव्हर्स टाकलास आणि तेवढी उभी चढण इंच इंच मागे उतरलीस. शिट्ट्या काय, हसणं काय. तुझ्या शेजारी बसलेला मावशीचा पोरगा, आपला भोंगा, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात उडवत होता, ‘मी सांगत होतो दाब, दाब! हिनं कच खाल्ली!’ तू म्हणालीस, मागून टक झालं. तो म्हणाला, ‘मला तर नाही ऐकू आलं.’ त्याला काय ऐकू येणार? त्याला स्वतःच्या आवाजाखाली ट्रक आला तरी कळायचा नाही.

त्याचं मला काही नव्हतं. मला लागलं ते तुझं. घरी येताना तू म्हणालीस, ‘आई, खरंच आवाज आला की मी घाबरले, माझं मलाच कळत नाहीये.’ आणि दुसऱ्या दिवशी बसनं कामावर निघून गेलीस, हेल्मेट इथेच खुंटीला ठेवून. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला माहीत नव्हतं. माहीत नसताना पाठीवरून हात फिरवायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. जीप झाकून ठेवली आणि लोकांच्या कामाला लागले.

तर त्या चष्मेवाल्याला अ‍ॅक्सल दाखवायचा म्हणून मी मंगळवारी मागची दोन्ही चाकं उतरवली. डावा शाफ्ट सरळ निघाला, रेघ जशीच्या तशी. उजवा ओढते तर येईना. आतल्या टोकाचे दाते धरून बसलेले. हातोड्यानं दोन ठेवून दिले तेव्हा बाहेर आला. पुसला. पोरी, माझी रेघ त्याच्यावर अशी फिरली होती, जशी दोरी खांबाला गुंडाळावी. दात्यांजवळ केसाएवढी चीर. मी तो दारात उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. आपल्या जीपमध्ये शाफ्टच चाकाला धरून ठेवतो. तू आणखी एकदा पाय दिला असतास तर शाफ्ट गेला असता, चाक बाहेर आलं असतं आणि त्या उभ्या चढणीवरून तुम्ही दोघं गडगडत खाली आला असता. गाडीचा तो टक तू एवढ्या गोंगाटात ऐकलास. भोंग्याच्या शेजारी बसून ऐकलास! तू घाबरली नव्हतीस. तुझे कान बरोबर होते, पाय बरोबर होता, आणि सगळी खाण चूक होती.

चष्मेवाला म्हणाला, ‘म्हणजे अ‍ॅक्सल कच्चाच ना?’ मी म्हटलं, कच्चा? दुसऱ्या कुणाच्या पायाखाली सकाळीच तुटला असता. संध्याकाळपर्यंत त्याला माझ्या लेकीनं आणलंय. मग भोंग्याला बोलावलं. शाफ्ट त्याच्या हातात दिला. म्हटलं, चीर दिसते का? त्यानं चिरेवरून नख फिरवलं. आजवर त्याला एवढा गप्प मी झोपेतही पाहिला नव्हता. मग म्हणतो कसा, ‘मावशी, म्हणजे मी पण गेलो असतो?’ मी म्हटलं, तू आधी गेला असतास, तू खिडकीतून अर्धा बाहेरच होतास. आता जाईल तिथे सांगत फिरतोय की माझ्या बहिणीनं माझा जीव वाचवला. भोंगा आहे, कुठल्याही बाजूला लावला तरी वाजतो. शाफ्ट मी गॅरेजच्या दारावर टांगलाय. गिऱ्हाइकं विचारतात हे काय. मी सांगते. कामं तुंबलीत, पण सांगते.

चष्मेवाल्याला नाही म्हटलं. जाड शाफ्ट मागवलेत, टायर तेच राहतील. आता खरं सांगते, एवढा कागद कशाला खर्च केला. थंडी सरली की त्याच खाणीत पुन्हा स्पर्धा आहे. मी जाऊन आपली नावं देऊन आले. चालवायला तू आणि शेजारी मी. तिथला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, ‘शेजारच्याला रस्त्याचा कागद मोठ्यानं वाचावा लागतो, बाई.’ मी म्हटलं, वाचीन. तेव्हापासून रोज जेवण झालं की बाबा पेपर समोर धरतात आणि मी वाचते. जोडाक्षराला ते खाकरतात, मी त्यांना गप्प करते. हे पत्रही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तीनदा अडखळले, पण थांबले नाही. शेजारी बसून ‘दाब, दाब’ म्हणणार नाही. तू थांबलीस की मीही थांबेन, खाली कितीही शिट्ट्या वाजोत. येत्या सुट्टीत ये, तुझी सीट माझ्या उंचीला सरकवली आहे ती नीट करून घे. हो म्हणायला पत्र नको, फोन कर. मी लगेच उचलते.

तुझीच, शेजारच्या सीटवर ठाण मांडून बसलेली,
आई