उन्नतीच्या हळदीला पहिला नाच माझा

३ नोव्हेंबर
धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून उतरताना रस्त्यावर बसलो. पडलो असं म्हणता येणार नाही. पार्वतीने आधी उतरून हात पुढे केला होता, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायकोचा हात धरून उतरायला मी काय पेशंट आहे? दोष रिक्षाचा. सीट फार उंच ठेवतात.
गुडघ्यात ठणका आहे. बाम चोळला.
पुढच्या महिन्यात नातीची, उन्नतीची हळद. पहिला नाच घरातल्या म्हाताऱ्याचा, ही आमच्या घरची रीत. म्हणजे माझा. त्याच्या आत गुडघा चकाचक.

४ नोव्हेंबर
चालतोय. थोडा तिरका, पण चालतोय. जन्मभर कापडाचे लूम चालवले. माझा नियम एकच होता, लूम कितीही कुरकुरला तरी शिफ्ट संपेपर्यंत बंद करायचा नाही. शरीराचंही तेच.
पार्वती म्हणते, अवो, तुमचा पाय नीट टेकत न्हाय, डॉक्टरला दाखवा. तिला काय कळतं? हाडं ठिसूळ होणं ही बायकांची भानगड. स्वतः कॅल्शियम खाते आणि माझ्याही पुढ्यात गोळी ठेवते. मी ती तुळशीत टाकतो. तुळस जोरात आहे.

६ नोव्हेंबर
मुलाने, देवेशने, जबरदस्तीने हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर मृणाली दिसायला उन्नतीएवढीच. मी गुडघा पुढे केला, तिने खुबा दाबला. जे ओरडलो ते फक्त दचकून.
एक्स-रे निघाला. म्हणाली, मोडलंय खुब्यात, दुखतं गुडघ्यात, असं होतं. मग वेटरसारखं अख्खं मेन्यू कार्ड म्हणून दाखवलं. मांडीच्या हाडाची मान मोडली पण जागेवर असली, तर स्क्रू. मानेच्या खाली मोडलं, तर आतून रॉड. मान सरकली, तर या वयात जोडत बसत नाहीत, वरचा गोळा काढून धातूचा बसवतात. गोळा ज्यात फिरतो ती वाटीही झिजलेली असली, तर पूर्ण सांधाच नवा. तुमचं जागेवर आहे, उद्या स्क्रू टाकू, तोवर पाय जमिनीला लावायचा नाही. उशीर केलात तर छाती भरते, रक्त गोठतं.
म्हटलं, विचार करून कळवतो. मेन्यू वाचलं म्हणून जेवलंच पाहिजे असं थोडंच आहे? स्वतःच्या जबाबदारीवर जातो अशी सही करून घरी आलो.

७ नोव्हेंबर
निजामपुऱ्याहून कासमभाई आला, माझा जुना लूमवाला दोस्त. गेल्या वर्षापासून त्याच्या मांडीत रॉड, तरी जिना चढून आला. मुद्दाम. म्हणाला, काळूराम, ज़िद मत कर, मी पण केली होती, नंतर पस्तावलो.
त्याच्यासमोर पडून राहणं बरं दिसेना. दारापर्यंत सोडायला गेलो. घाम फुटला. पंखा सर्व्हिसिंगला द्यायला हवा.

८ नोव्हेंबर
उन्नती मोबाईल रेकॉर्डिंगला लावून हळदीच्या नाचाची प्रॅक्टिस करत होती. म्हटलं, बघ आजोबा कसा ठेका धरतो. चांगला पाय उचलला. दुसऱ्यात टक झालं.
रेकॉर्डिंगमध्ये टक स्पष्ट ऐकू येतं, असं देवेश म्हणतो. मी ते ऐकणार नाही.

९ नोव्हेंबर
हाड सरकलं. पाय आखूड झालाय. डॉक्टर म्हणाली, स्क्रूची वेळ गेली, आता गोळा बदलावा लागणार. वाटी ठीक आहे, त्यामुळे अर्धाच सांधा. अर्ध्यावर भागलं ते माझ्या तब्येतीमुळे.
मी एक अट घातली. लूमचा पार्ट बदलला की मेकॅनिक जुना पार्ट मालकाला दाखवतो. माझा गोळा मला दाखवायचा. कबूल झाली.
उद्या ऑपरेशन. भीती वाटते. पार्वतीला तसं म्हणालो नाही, लाईटबिल भरून टाक म्हणालो. भरते म्हणाली आणि माझ्या पायावरची चादर सारखी केली.

११ नोव्हेंबर
काल झालं. कमरेत इंजेक्शन, त्यामुळे जागा होतो. पडद्यापलीकडे अशी ठोकाठोक, की लूमच्या गाळ्यावर आल्यासारखं वाटलं. दोनदा सूचना केल्या. मग त्यांनी झोपेचं औषध दिलं.
गोळा पाहिला. आतून शिळ्या पावासारखा, नुसती भोकं. म्हटलं, हा दुसऱ्या कुणाचा असणार.
आज वॉकर देऊन उभं केलं. उभा राहिलो. नर्सने टाळ्या वाजवल्या. लहान मूल समजते की काय?

२८ नोव्हेंबर
हाडांची घनता तपासली, माझी आणि पार्वतीची. तिची हाडं औषधाने सुधारतायत. माझी तिच्याहून ठिसूळ. डॉक्टर म्हणाली, ऑपरेशनने मोडलेलं सावरलं, बाकीची हाडं तीच आहेत. आता गोळ्या चुकवायच्या नाहीत.
मशीन बिघडलं असेल, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात पार्वती म्हणाली, आमच्या तुळशीची पण तपासून घ्या, एकदम मजबूत असतील. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

१४ डिसेंबर
हळद. प्लॅन असा, की वॉकर सोडून फक्त दोन ठेके. डॉक्टर नको म्हणाली होती, पण आमची हळद तिने कुठे पाहिलीये?
डीजे सुरू झाला. मी खुर्चीतून उठायची तयारी करेपर्यंत पोरांनी वॉकरला झेंडूची माळ घातली आणि उचलून मांडवाच्या मधोमध नेला. उन्नती माईकवर ओरडली, पहिला नाच आजोबांचा! वॉकर नाचला. शिट्ट्या पडल्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीत.
नेमकी त्याच वेळी मला बाथरूमची घाई लागली. वॉकर दुसऱ्या गाण्यात रमला होता.
पार्वती त्याच्यासमोर नाचत होती. ती इतकी छान नाचते हे मला ठाऊकच नव्हतं. दरवेळी मी पुढे असायचो. आणखी बघत बसलो असतो, पण तेवढी सवड नव्हती.
हाक मारली. डीजेत विरली. पुन्हा जोरात मारली. घामाघूम होऊन आली, काय झालं म्हणून विचारलं.
म्हटलं, हात दे.