पाठीचा वर्ख

दादा,

आईला घेऊन मंडालेच्या मोठ्या दवाखान्यात जातेय. भात झाकून ठेवलाय, जेवून घे.

बुद्धाच्या मूर्तीला सोन्याचा वर्ख पुरला नाही. जुनी मूर्ती वीतभर, तिला पन्नास पानं लागली. नवी दोन वीत, म्हणून तू शंभर आणलीस. अरे शहाण्या, उंची दुप्पट झाली की अंग चौपट होतं! आईनं जन्मभर वर्ख कापले, तिला तरी विचारायचंस.

मी समोरूनच मढवली, पाठ भिंतीकडे केली आणि आईला बरं वाटावं म्हणून "झाली" म्हटलं.

ती हसली. "शंभरात निम्मीच होते गं. पाठ उघडी असेल. तेवढी झाली की मी डोळे मिटायला मोकळी."

दादा, बाकीची पानं आणू नकोस.

थीरी