माझ्या गुडघ्यांचं तेल

वन्सं,

माझ्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं तेल मिळालं. माझे गुडघे गेल्याची बातमी तुमच्या दादांनीच पोचवली असणार.

खरं सांगू? न्हाणीघरात घसरल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते, काठीला हात लावत नव्हते. म्हणून त्यांना राष्ट्रीय उद्यानात नेलं. तिथे जंगलातून चाकाच्या खुर्चीसाठी सपाट फळ्यांची छोटी वाट केलीय. फाटकाशी खुर्ची दिसताच हे फणकारले, "मी काय म्हातारा झालोय?" मग मीच तिच्यात जाऊन बसले. "अहो, माझेच गुडघे गेलेत. ढकला."

ढकलली की! मागच्या दांड्या घट्ट धरून, माझ्या वजनावरून कुरकुरत वाट संपेपर्यंत चालले. रखवालदार मदतीला आला, तर त्याच्यावर खेकसले, "बायको माझी आहे!" हरीण दिसलं तेव्हा मला म्हणाले, "उठू नकोस, पडशील."

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही, आणि रविवारी ते मला पुन्हा फिरवायला नेणार आहेत.

तेल मात्र गुणाचं आहे. दुपारी त्यांचा डोळा लागला, की त्यांच्याच गुडघ्यांना चोळते.

तुमची,
ठणठणीत गुडघ्यांची वहिनी